हात-हात-पाय-पाय

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर हट्ट्याला होतो. हट्टा माझं आजोळ. तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. १९९९च्या १ मेपर्यंत आमचा जिल्हा परभणी होता, त्यामुळे मामा पत्ता सांगताना अजूनही आधी परभणी म्हणतो आणि मग जीभ चावतो.

तोवर सोयाबीन मळून झालं होतं. पोती आडतीवर गेली होती आणि गोठ्याच्या भिंतीला लागून भुसकटाचा डोक्याएवढ्या उंचीचा ढीग उरला होता. ढीग जनावरांसाठी, पण पहिले चार-आठ दिवस तो पोरांच्याच मालकीचा. भिंतीवर चढायचं, ढिगात उडी टाकायची, कमरेपर्यंत रुतायचं, उतारावरून लोळत खाली यायचं, खसाखसा अंग खाजवायचं आणि पुन्हा भिंत. "वैरणीचा उकिरडा करायलाव का रे," असं ओरडत मामा काठी घेऊन यायचा. तेवढ्यापुरती पोरं पांगायची आणि मामा चहाला आत गेला की परत यायची.

मी ओसरीवरून बघत होतो. सात पोरांतली सहा नुसती उड्या मारत होती. सातवी, असेल आठेक वर्षांची, दर खेपेला तेच आणि त्याच क्रमाने करत होती. उडी टाकताना पाय पोटाशी, रुतल्यावर एक लोळण, खाली आल्यावर दोन्ही पाय जुळवून उभं राहणं आणि मग दोन्ही हात वर. हात वर धरून ती क्षणभर थांबायची आणि कोणी पाहिलं का, ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून घ्यायची. पाहिलं नसेल, तर ती खेप धरायचीच नाही.

मल्लखांबवाले याला 'संच' म्हणतात. सुटी उडी म्हणजे संच होत नाही. सुरुवात, मधल्या कृती, त्यांना जोडणारे सांधे आणि शेवट, हे सगळं मिळून संच. त्या मुलीला हा शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिचा संच मात्र तयार होता.

माझी मामेबहीण जवळच्याच एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला म्हटलं, "तुझ्या पोरांना असले संच रचायला लावले तर?" ती म्हणाली, "दादा, आधी मला दोन वर्ग एका खोलीत बसवून दाखव, मग उड्यांचं बघू." तरी दिवाळीच्या सुट्टीतल्या आठ सकाळी तिने मला दिल्या. दुसरी ते चौथीची चौदा मुलं, घरासमोरची लांब पडवी, चार कापसाच्या गाद्या आणि वर एक जाड सतरंजी.

तिच्या बोलण्यातली खोच खोटी नव्हती. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला ती नाही. म्हणजे ज्या वयात अंग मेणासारखं असतं, त्या वयात मुलाच्या वाट्याला वर्गशिक्षकच येतो, आणि त्याच्या हातात तेव्हा खिचडीची वही असते.

आमच्या वेळी शाळेत अंगाशी संबंधित विषय एकच होता, कवायत. पाचवीत असताना २६ जानेवारीला 'डावीकडे वळ' म्हटल्यावर मी उजवीकडे वळलो. सगळी रांग एकीकडे आणि मी एकटा शेजारच्या पोराच्या तोंडासमोर तोंड करून उभा. पाहुण्यांसकट सगळे हसले. शाळा कुठली आणि सर कोण, ते राहू दे. पुढच्या वर्षीपासून मला शेवटच्या रांगेत टाकलं. मनोऱ्यात कायम सर्वांत खाली, कारण अंगाने आडवा होतो. तीन वर्षं पाठीवर लोकांच्या टाचा सोसल्या. मनोरा वरून कसा दिसतो, हे मला अजून माहीत नाही.

कवायत हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला. मुळात तो 'कायदा' या शब्दाचं अनेकवचन. एक तो कायदा, अनेक झाले की कवायत. आमच्या भागात तो नुसता शब्दकोशातून आलेला नाही. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि १९०३मध्ये ते सैन्य हिंदुस्थानी फौजेत मिसळेपर्यंत तिथल्या मैदानावर पलटणी शिट्टीवर वळत होत्या. पुढे शाळांच्या पटांगणांवरही शिट्टी आणि आकडेच आले. एक-दोन-तीन-चार, आणि कोणी पाच म्हणायचं नाही.

दुसरा शब्दही अरबीच, तालीम. मूळ अर्थ शिक्षण. मराठीने त्याला कुस्तीच्या आखाड्यात नेलं आणि नाटकाच्या सरावालाही तोच शब्द लावला. नट तालमीला जातो आणि पैलवानही तालमीला जातो. अंग कमावणं आणि चार लोकांसमोर काही उभं करण्याची तयारी, दोन्हींना एकच शब्द पुरेल असं ज्या कोणाला वाटलं, त्याचे आभार मानावेत. मला आठ सकाळी ही दुसरी गोष्ट करून बघायची होती.

पहिल्या सकाळी मी मोठी चूक केली. गाद्या अंथरल्या आणि म्हणालो, "चला, आता तुम्हाला हवं ते करून दाखवा." चौदाच्या चौदा थिजली. ढिगावर धिंगाणा घालणारी हीच मुलं. एकाने सावधान केलं. दुसऱ्याने विचारलं, "काय करू सर?" 'हवं ते' हे उत्तर त्याला अजिबात पटलं नाही. शेवटी चौथीतल्या एकाने सूर्यनमस्कार सुरू केले आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे. मामेबहीण दारात उभी राहून हसत होती.

मोकळीक अशी वाटता येत नाही, हे शिकवणाऱ्यांना आधीपासून ठाऊक आहे. बर्लिनच्या हाझनहाइडमध्ये १८११ साली फ्रीडरिश लुडविग यानने व्यायामाचं उघडं मैदान सुरू केलं. आजच्या जिम्नॅस्टिक्सची बरीच मुळं तिथे सापडतात. तो गडी राष्ट्रवादाने पेटलेला आणि शिस्तीचा कडक. तरी त्याच्या मैदानावर वेळेचे दोन भाग असत. एक शिकवणीचा आणि दुसरा 'क्यूर'चा, म्हणजे ज्याने त्याने आपल्या निवडीचं करायचं. जर्मन भाषेत ऐच्छिक संचाला आजही क्यूरच म्हणतात. ऑलिम्पिकमध्येही १९९६च्या अटलांटापर्यंत सर्वांना सारखा सक्तीचा संच आणि स्वतःचा ऐच्छिक संच, असे दोन्ही करावे लागत. त्यानंतर सक्तीचा गेला आणि ऐच्छिक तेवढा राहिला.

त्याच बर्लिनमध्ये १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक गेलं होतं. १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेल्या या मंडळाने तिथे ऑलिम्पिकच्या निमित्ताने आपले देशी खेळ करून दाखवले. त्याच ऑलिम्पिकसाठी रुडॉल्फ लाबान नावाच्या नृत्यरचनाकाराने हजारेक हौशी माणसांचं समूहनृत्य बसवलं होतं. जूनमध्ये गोबेल्सने त्याची रंगीत तालीम पाहिली आणि प्रयोग बंद पाडला. लाबान पुढे जर्मनी सोडून इंग्लंडला गेला. तिथे त्याच्या विचारांना नाट्यगृहांपेक्षा प्राथमिक शाळांनी जास्त उचलून धरलं. १९५२ साली तिथल्या शिक्षण मंत्रालयाने 'मूव्हिंग अँड ग्रोइंग' नावाची पुस्तिका काढली, तिच्यावर त्याची छाया आहे. कृती करून दाखवून नक्कल करायला लावू नका, कोडं घाला आणि मुलाला अंगाने उत्तर काढू द्या, अशी ही सगळी वाट. गोबेल्सला नको असलेली गोष्ट दुसरी-तिसरीच्या पोरांच्या कामी यावी, याचं मला मनापासून बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी म्हणून कोडं घातलं. "अंगाच्या फक्त तीन जागा जमिनीला टेकलेल्या पाहिजेत. चौथी टेकली की बाद. तीन मोजेपर्यंत हलायचं नाही."

आता पडवी जिवंत झाली. दोन हात आणि एक पाय, हे सगळ्यांना लगेच सुचलं. मग एकीने दोन गुडघे आणि एक कोपर टेकवलं. एक जण बुडावर बसून दोन्ही तळहात मागे टेकवून पाय वर धरून राहिला आणि ओरडला, "बूड एकच धरायचं का दोन?" यावर बराच वाद झाला. शेवटी बूड एकच, असं बहुमताने ठरलं. एका पोराने दोन हात आणि डोकं टेकवून पाय उचलायला घेतले, त्याला मी धरून खाली बसवलं. मानेवर भार येणारं काही करायचं नाही, हा आमचा एकमेव सक्तीचा नियम. उलटी कोलांटी त्यामुळेच आम्ही घेतली नाही. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि दंडात जोर कमी. मागे जाताना सगळं वजन मानेवर येतं आणि उचलायला हात पुरत नाहीत.

मग आकार. अंग ताठ ती काठी. गुडघे छातीशी ते गाठोडं. हातपाय फाकवून उभं राहिलं की चांदणी. ही तीन नावं माझी. बसून पाय सरळ ठेवायचे आणि कमरेतून पुढे मिटायचं, या आकाराला नाव सुचेना, तर तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "आजीचा अडकित्ता." त्यानंतर त्याला दुसरं नाव कोणाच्या तोंडी आलंच नाही. काठीसारखं ताठ पडून कडेकडेने लोळण्याला मी 'ओंडका' म्हणत होतो. मुलांनी तोही शब्द रद्द केला. आमच्याकडे हळद शिजवून वाळत घातली की परतत राहावी लागते. "सर, हे तर हळद परतल्यावानी झालं." झालं, हळद.

मोठ्या जिम्नॅस्टिक्समध्येही हीच रीत आहे. अधिकृत स्पर्धेत एखादी नवी कृती जो पहिल्यांदा यशस्वी करतो, त्याचं नाव तिला मिळतं. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये त्रिपुराच्या दीपा कर्माकरने घेतलेली 'प्रोदुनोव्हा' ही येलेना प्रोदुनोव्हा या रशियन मुलीच्या नावाची उडी. दीपाला १५.०६६ गुण मिळाले आणि ०.१५ने कांस्यपदक हुकलं. हे पोरांना सांगितलं तेव्हा त्यांना पदकाचं काही वाटलं नाही. उडीला माणसाचं नाव देतात, हे मात्र सगळ्यांनी दोन-दोनदा विचारून घेतलं.

कोलांटउडी आधीपासून सगळ्यांना येत होती, म्हणजे येते असं वाटत होतं. बहुतेक जण टाळू टेकवून धप्पकन पाठीवर पडत. त्यावर जुना उपाय आहे. हनुवटीखाली घडी केलेला रुमाल धरायचा आणि तो न पाडता उलटायचं. रुमाल धरायला हनुवटी छातीला लावावीच लागते, पाठ आपोआप गोल होते आणि टाळूऐवजी मानेमागचा खांद्याचा भाग आधी टेकतो. दोन सकाळी नुसता रुमाल चालला. ज्यांच्याकडे रुमाल नव्हता त्यांनी कडुलिंबाची डहाळी धरली आणि तोंड कडू करून घेतलं.

या उडीचं नाव कसरती करणाऱ्या कोल्हाट्यांशी जोडलं जातं. त्यांच्या बायका पुढे तमाशाच्या फडांवर गेल्या. त्या जगण्याची आतली बाजू किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये लिहिली. आमच्या लहानपणी बाजाराच्या दिवशी डोंबारी यायचे. दोन बाजूंना बांबूंच्या कैच्या, मध्ये दोर, खाली ढोलकी आणि वर आमच्याच वयाची पोरगी. तिचा तोल पाहून आम्ही तोंडाचा आ वासायचो. घरी आल्यावर आई मात्र म्हणायची, "डोंबाऱ्यासारख्या उड्या मारू नकोस." म्हणजे त्या मुलीला टाळ्या आणि आम्हाला तिच्यासारखं होण्याची बंदी. तिच्या अंगात होतं त्याच्या निम्मंही आमच्या कवायतीच्या मास्तरांच्या अंगात नव्हतं, हे आज खात्रीने सांगतो. पण दोरावर कधी चढायचं आणि कधी उतरायचं, हे ती ठरवत नव्हती. सर्कशीत मुलांकडून काम करून घेण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. दोरावरच्या मुलीही आता फारशा दिसत नाहीत. ती कला पोटासाठी मुलांच्या अंगावर लादलेली होती, तेव्हा ती थांबली हे बरंच झालं. तिला शाळेच्या पटांगणात मात्र कोणी बोलावलं नाही.

मल्लखांबाला ही संधी मिळाली. १२व्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त त्याचे उल्लेख दाखवतात, पण आपल्याला तो माहीत आहे तो दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांमुळे. आख्यायिका अशी, की निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान पुण्याला आले आणि त्यांच्यासमोर उभं राहायला कोणी धजेना. बाळंभट तरुण होते. ते वणीला सप्तशृंगीच्या डोंगरावर गेले आणि तिथे झाडावरच्या वानरांकडे बघून त्यांनी पकडी बसवल्या. गोष्टीतले पैलवान आमच्या बाजूचे आणि हरलेही तेच. तरी मी ती पोरांना रंगवून सांगितली, कारण त्यात गुरू नाही. बघणं आहे आणि त्यातून आपलं काहीतरी जुळवणं आहे. दुसऱ्या दिवशी तीन पोरं वानरांसारखी चालत आली.

चाकाची उडी, शहरातली मुलं जिला कार्टव्हील म्हणतात, ती शिकवायला खडू पुरतो. जमिनीवर एका ओळीत दोन पंजे आणि दोन पावलं काढायची आणि म्हणत जायचं, हात-हात-पाय-पाय. चार ठोके, चार टेकी. आमच्याकडे दुसरीतला एक जण उपडा डबा वाजवायला बसला, त्याला स्वतःला उडी मारायची भीती वाटत होती म्हणून. हात-हात-पाय-पाय, हात-हात-पाय-पाय. लेझमीचे ठोके अंगात मुरलेली पोरं, त्यांना ताल सांगावा लागला नाही. काही जण हात-पाय-हात करून आडवे झाले. ज्यांना जमेना त्यांनी गुंडाळलेल्या पोत्यावरून हात टेकवून नुसते पाय पलीकडे टाकले, तेही चाकच धरलं. चौथ्या दिवशी डबेवाला मधेच उठला, डबा दुसऱ्याच्या हातात दिला, एकदा चाक मारलं आणि परत येऊन वाजवायला बसला. कोणाला काही बोलला नाही.

खरी गंमत आणि खरी अडचण सांध्यांची. कृती सगळ्यांना येतात. एक संपवून दुसरी सुरू करताना मूल उठतं, चड्डी वर ओढतं, इकडे-तिकडे बघतं आणि मग पुढचं करतं. तिथे संच तुटतो. मी म्हणायचो, "उठू नको. आत्ता कुठं आहेस ते बघ. इथून काय जवळ आहे?" कोलांटी संपताना पाय सरळ सोडले की मुलगी आपोआप बसलेली असते. बसलेली आहे म्हणजे अडकित्ता जवळ. अडकित्त्यातून मागे कललं, गुडघे ओढले, की गाठोडं. गाठोड्यातून कुशीवर वळलं, लांब झालं, की हळद.

इथे पहिल्या दिवशी मी ज्याला नाक मुरडलं होतं, तो सूर्यनमस्कार माझ्या मदतीला आला. प्रत्येक स्थिती जिथे संपते तिथेच पुढची सुरू होते, मधे चड्डी ओढायला जागाच नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा शाळाशाळांतून प्रसार केला. ते औंध साताऱ्याकडचं, आमच्या नागनाथाच्या औंढ्याशी त्याचा संबंध नाही. हे सांगावं लागतं, कारण मामाने लगेच विचारलं होतं.

सहाव्या दिवशी संच कागदावर आले. अटी चारच. सुरुवातीचा आकार हवा, एक तोल तीन मोजेपर्यंत हवा, एक लोळण, एक उडी. शेवट आपला आपण. मुलांनी वहीत काडीची माणसं ओळीने काढली. काहींनी बाण काढले, एकीने जिथे श्वास घ्यायचा तिथे फुगा काढला. डबेवाल्याच्या वहीत उडीनंतर एक आडवं माणूस होतं.

"हे काय?"

"इथं मी पडतो."

"पडतोस ते कशाला काढलंस?"

"रोजच पडतो की."

दोन्ही पायांवर उतरताना तो गुडघे वाकवत नव्हता, म्हणून दर वेळी मागे बुडावर बसायचा. गुडघे वाकव, हात पुढे धर, खुर्चीवर बसायला निघाल्यासारखं उतर, हे सगळं सांगून झालं. त्याने ऐकून घेतलं आणि वहीतलं आडवं माणूस तसंच ठेवलं. फक्त त्याच्या पुढे आणखी एक चित्र काढलं. पडल्यावर तिथेच आडवं राहून एक पाय आणि एक हात वर. शेवटचा आकार. माझ्यातला जुना शेवटच्या रांगेतला पोरगा या चित्रावर बेहद्द खूश झाला, म्हणून मी शिक्षक म्हणून जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही.

आठव्या सकाळी आया आल्या, दोन-चार बाप मोबाइल उंच धरून आले, मामाही काठी बाजूला ठेवून बसला. प्रेक्षकांसाठी एकच नियम होता. मूल शेवटच्या आकारात थांबेपर्यंत टाळी नाही, मधे 'शाब्बास' नाही. मुलांपेक्षा हे मोठ्यांना जड गेलं. ढिगावरची ती मुलगी, जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं, ती आपला ठरलेला संच ऐन वेळी विसरली, किंवा बदलला असेल. अडकित्त्याऐवजी तिने एका पायावरचा तोल घेतला. तीन मोजायचे तर पाच मोजले, आणि हात वर करून सगळ्यांकडे एकेक करून बघत राहिली. या वेळी सगळ्यांनी पाहिलं होतं.

डबेवाला शेवटून दुसरा. सुरुवातीला काठी, मग चाक, त्यात दुसरा हात जरा उशिरा टेकला. गाठोडं, हळद, एका पायावरचा तोल, त्यात तो डुगडुगला पण तीन पुरे केले. मग धावत येऊन उडी, आणि ठरल्याप्रमाणे धप्पकन मागे. पडवीभर "अगं बाई" झालं. त्याची आजी पदर खोचत उठली आणि दोन पावलं पुढे आली.

त्याने पडल्या पडल्याच एक हात आणि एक पाय वर केला आणि मान न हलवता म्हणाला, "आजे, बस खाली. हे माझ्या संचात हाय."